फिरती आढी

आमच्या खडपवलीत पोलीस शेवटचे कधी आले होते ते कुणालाच आठवत नाही. पण गेल्या एप्रिलमध्ये गावात घरोघर धाडी पडल्या, आणि पहिली धाड तन्वीवहिनीने स्वतःच्या सासऱ्याच्या खाटेखाली घातली. खाटेखाली ट्रंक, ट्रंकेत भाताचा पेंढा आणि पेंढ्यात देठ खाली करून ओळीने निजवलेले दारच्या कलमाचे आंबे. सासरे म्हणजे दत्ताराम रेवाळे, गावाचे नाना. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेऊन पडले होते. घोरणं जरा जास्तच तालात होतं.

"नाना, ही आढी आहे," वहिनी म्हणाली.

नाना भिंतीलाच म्हणाले, "विलास, सांग तिला, ते आंबे नायत. ट्रंकेत माझे कपडे ठेवलेत."

विलास म्हणजे मी. सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळपठारावर, गवताच्या वजनकाट्यावर बसतो, शेजारी राहतो, आणि त्या दिवशी पंच म्हणून मला ओढून आणलं होतं. नाना सुनेशी थेट बोलत नसत. आढीबंदी आल्यापासून तर घरात निरोप्या लागायचा. कुणी नसलं तर ते मांजराला सांगत.

आता तुम्ही म्हणाल, आंबे पिकत घालण्यात गुन्हा कसला? आमचे वाडवडील हेच करत आले. कच्चे आंबे उतरवायचे, पेंढ्यात थरावर थर लावायचे, वर गोणपाट टाकायचं आणि नाकाने पहारा करायचा, की झाली आढी. त्यात नानांचा हात असा, की पंचक्रोशीतून लोक त्यांना आढी लावायला बोलवत. हा गुन्हा कसा झाला ते समजायला तुम्हाला आधी आमचं गवत समजून घ्यावं लागेल.

खाडीपलीकडे गवत जाळून वीज करणारं केंद्र उभं राहिलं, तेव्हा आमच्या उघड्याबोडक्या कातळसड्याला प्रथमच किंमत आली. पण गवत जाळणं बोलायला सोपं. ओलं गवत जळत नाही, त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. कापून वाळवावं तर आमच्याकडची खारी हवा रात्री ते पुन्हा ओलं करते. तसंच दमट गवत गठ्ठे बांधून रचलं, तर आतली बुरशी आणि जंतू कामाला लागतात, गंजी आतून तापत जाते आणि एक दिवस आपोआप पेट घेते. पहिल्या दोन वर्षांत आमच्या दोन गंज्या अशा पेटल्या, आणि दोन्ही वेळा गावाने बिडी ओढणाऱ्यांना विनाकारण बदडलं. बरं, सगळं सांभाळून टेम्पोत भरावं, तर गवत फुलतं किती आणि भरतं किती! काट्यावर बसून मी ते रोज बघतो. टेम्पो डोंगराएवढा दिसतो आणि निम्मी हवाच वाहून नेतो.

यावर संशोधन संस्थेच्या डॉक्टर मल्हार टिळेकरांनी तोडगा काढला, आणि माणूस डोक्याने खराच थोर. ते म्हणाले, गवत साठवायला गोदाम कशाला बांधता? उभं गवत हेच कोठार. त्यांनी असं गवत तयार केलं की ते वर्षभर हिरवं उभं राहतं, ऊन असो की पाऊस. मात्र इथिलीन नावाच्या वायूचा पुसटसा वास लागला, की ते वाळायला घेतं. पानातले क्षार मुळांत उतरवतं. हे फार चांगलं, कारण तेच क्षार भट्टीत वितळून काचेसारखे चिकटतात. मग पाणी सोडतं आणि आठवडाभरात सोन्यासारखं पिवळं, कडकडीत उभं राहतं. कापणीयंत्र फिरवा, गठ्ठे बांधा, थेट भट्टीत न्या. मुळांत साठवलेल्या शिदोरीवर पुढलं पीक पुन्हा फुटतं. शिवाय वाळणारा प्रत्येक बुंधा स्वतः थोडा इथिलीन सोडतो, म्हणून शेजाऱ्याला खबर लागते, त्याच्या शेजाऱ्याला लागते. एका टोकाला फवारा मारला की पिवळेपणा आपल्या पायांनी चालत दुसऱ्या टोकाला जातो. सड्याचे बारा तुकडे केले, मधे वास न कळणाऱ्या गवताचे पट्टे लावले. आम्ही त्याला बहिरं गवत म्हणतो. केंद्राला हवा तेव्हा हवा तो तुकडा पिकवायचा. त्या फवाऱ्याला गावात 'हाक देणं' म्हणतात, आणि हाक देणारी तन्वीवहिनी. कृषी पदविका झालेली, चिपळूणची मुलगी. नवरा बोटीवर, सासरा खाटेवर, आणि ती सड्यावर.

गवत लावण्याआधी डॉक्टरांनी ग्रामसभेत विचारलं होतं, "इथे आसपास इथिलीनचा काही स्रोत आहे का?" गावाने विचार करून सांगितलं, "नाही साहेब, इकडे एकही कारखाना नाही." डॉक्टर पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेले, आंबा त्यांना डब्यातल्या रसाच्या रूपाने माहीत. आणि आम्हाला आंबा माहीत, पण तो पिकताना जो वायू सोडून शेजारच्या आंब्याला पिकवतो, त्याचंच नाव इथिलीन, हे माहीत नव्हतं. दोन्ही बाजू खरं बोलल्या आणि पहिल्याच मे महिन्यात सड्याच्या कडेचं, वरच्या घरांलगतचं गवत भलत्या वेळी पिवळं पडलं.

मग आली आढीबंदी. एप्रिलपासून जूनपर्यंत गावात आंबा पिकवायचा नाही. कच्चा तालुक्याला पाठवायचा, तिथल्या पिकवणी केंद्रातून पिकलेला आणायचा. डॉक्टरांनी वहिनीला स्पष्ट सांगितलं, "यंदा मे अखेरीच्या हाकेआधी पिवळं पडलं तर सडा संस्था ताब्यात घेईल आणि आमचा माणूस बसेल." कारण साधं होतं. गोदामात फक्त चार तुकड्यांचं गवत मावतं, पावसाळ्यापुरतं. बाकीचे आठ तुकडे हिरवे राहिले तरच पावसात टिकतात. सगळे एकदम वाळले, तर ठेवायला छप्पर नाही, आणि पहिल्या सरीत आडवे होऊन कुजतील. म्हणजे गावाचं वर्षाचं पीक गेलं, आणि वहिनीचा सडा गेला. जुनं गवत होतं तेव्हापासून सहा वर्षं तिने तो पोटच्या पोरासारखा सांभाळला होता.

म्हणून धाडी. तिच्याकडे संस्थेने दिलेलं वास मोजणारं यंत्र होतं, टॉर्चएवढं. गाव त्याला नाक म्हणतो. ते घेऊन ती दारात उभी राहिली की घरोघर पळापळ. कुणी आंबे विहिरीत सोडले, कुणी फ्रिजात कोंबले, भजनी मंडळाने पखवाजाच्या पेटीत ठेवले. फ्रिजात आणि विहिरीत आंबा पिकत नाही, नुसता थिजून बसतो, पण लोकांना आशा सुटत नव्हती. तालुक्याहून पिकून आलेला आंबा दिसायला पिवळाधमक आणि चवीला भोपळा. देवळात त्याचा नैवेद्य चालेल का म्हणून गुरवाने मूर्तीला पाकळी चिकटवून कौल लावला, तर देवाने उजवा दिला नाही आणि डावाही दिला नाही. पाकळी चिकटूनच राहिली. नाना म्हणाले, "देव पण विचारात पडलाय."

खाटेखालची आढी गेल्यावर नाना आठ दिवस जेवताना ताटाकडे बघून उसासे टाकत राहिले. मग एकाएकी हसतमुख झाले. सकाळी उठून फिरायला जाऊ लागले, मांजरालाही निरोप सांगेनात. वहिनी मला म्हणाली, "विलासभाऊ, मला भीती वाटते. हा माणूस सुखात आहे."

मे निम्मा झाला असेल. एका सकाळी ती काट्यावर आली ती चेहरा पाडूनच.

"सड्यावर पिवळं पडलंय," ती म्हणाली. "आणि असं कधी पाहिलं नाही. डाग नाही, रेघ आहे."

मी तिच्याबरोबर गेलो. सड्याच्या मधून जो गाडीरस्ता जातो, त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी किनार. साडीच्या काठासारखी, थेट पहिल्या तुकड्यापासून बाराव्यापर्यंत. पूर्वेच्या अंगाला रुंद, कारण दुपारचा वारा समुद्राकडून येतो. मधले बहिरे पट्टे बिचारे काय करणार? रस्ता सगळ्या तुकड्यांना शिवून जात होता. वहिनी नाक हातात धरून चालत होती. एका वळणावर किनारीचा चांगला अंगणाएवढा गोल झाला होता.

"इथे काय आहे?"

"काही नाही," मी म्हणालो. "इथे फोनला रेंज येते. पर्शा गवताचा टेम्पो थांबवून होणाऱ्या बायकोशी बोलतो."

ती थबकली. पुढे वडाखाली आणखी एक गोल. मी न विचारताच सांगितलं, "इथे तो झोपतो."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझंच बोलणं ऐकू आलं. आढी गावात नव्हतीच. आढी हिंडत होती.

पर्शाचा टेम्पो आधीच्या कापणीचे उरलेले गठ्ठे गोदामात न्यायला वर येत होता. वहिनीने तो काट्यावर उभा करायला लावला आणि विचारलं, "रिकामा किती भरतो?"

"हल्ली थोडा जास्त भरतोय," मी म्हणालो. "मला वाटलं, लग्न ठरल्यापासून पर्शा अंगाने भरलाय."

"मी?" पर्शा म्हणाला. काळजीने त्याचे गाल आत गेले होते. मला आधी दिसायला हवं होतं.

ड्रायव्हरच्या डोक्यावर जो माळा असतो, ताडपत्री ठेवायचा, त्याचं फळकूट तिने सरकवलं. घमघमाट असा सुटला की काट्यावर बसलेलं कुत्रं उठून उभं राहिलं. आत आमच्याच सड्याचं सुकं गवत, त्यावर देठ खाली केलेले आंबे, थरावर थर, आणि वर एक गोधडी. गोधडी वहिनीने ओळखली. ती आठवडाभर घरात तीच शोधत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. तिने गोधडी घडी करून छातीशी धरली. मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

नाना ओटीवरच होते. पर्शाला पुढे घालून आम्ही गेलो तेव्हा त्यांनी गोधडी पाहिली आणि समजायचं ते समजले. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

"विलास, सांग तिला," ते म्हणाले, "गावात आढी घालू नको म्हणाली होती. मी गावात घातलीच नाय. गाडीत घातली. गाडी दिवसभर गावाच्या बाहेर आसते. नियम पाळलाय मी."

"गाडी सड्यावरून जाते, नाना," वहिनी म्हणाली.

"ता नियमात लिवलेला नव्हता."

"सगळे बारा तुकडे वाळायला लागलेत. तीन आठवड्यांत पाऊस येईल. सगळं कुजेल."

 नानांनी मांजराकडेही पाहिलं नाही. आंब्याच्या बाबतीत माणूस हट्टी होता, पण कुजणं म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आयुष्यात त्यांनी सर्वांत जास्त कशाचा तिरस्कार केला असेल तर कुजण्याचा.

वहिनी ओटीच्या पायरीवर बसली. बराच वेळ नखाने गोधडीचा टाका उसवत राहिली. मग तिने विचारलं, "आढीत एखादा आंबा आधीच पिकून बसला, तर तुम्ही काय करता?"

हे विचारताना ती थेट नानांकडे बघत होती. नानांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं, पण मी अंगणातल्या कोंबडीकडे बघत राहिलो.

"काढतो," ते पुटपुटले. "नायतर तो बाकीच्यांना ओढतो."

"तेच करायचं. पिवळं झालेलं सगळं आजच्या आज कापून सड्यावरून खाली आणायचं, आणि त्याच्या पलीकडचा हातभर हिरवा पट्टासुद्धा. मग खबर पुढे जाणार नाही."

कापणीयंत्र ओल्या गवतात गुरफटतं, म्हणून काम विळ्यानेच करायला हवं होतं, आणि गाव तर वहिनीवर धुमसत होता. तिने देवळाच्या सभामंडपात लोकांना बोलावलं. मी म्हटलं, कोण येणार? पण सगळे आले, तेही विळे घेऊनच. चोराच्या मनात चांदणं! प्रत्येकाला वाटत होतं की पिवळं आपल्याच आढीने पडलं. भजनी मंडळ खांबाआड उभं होतं. कुणी कुणाच्या नजरेला नजर देईना.

वहिनी उभी राहिली आणि म्हणाली, "आढी माझ्या घरची होती. तुमच्या घरात शिरून नाक फिरवलं, आणि माझंच कुंपण शेत खात होतं. माझं चुकलं. आता हात द्या."

सभामंडपात एवढा मोठा सुस्कारा सुटला की घंटा हलल्याचा मला भास झाला. आपली आढी नव्हती म्हटल्यावर लोकांचं प्रेम उतू चाललं. "अगो, होतंय आसा," "घरोघरी मातीच्या चुली," असं म्हणत अख्खा गाव सडा चढला. बायकांनी ओचे खोचले, शाळेच्या मास्तरांनी धोतरासारखी पँट वर घेतली, पर्शा तर प्रायश्चित्त असल्यासारखा कापत होता. नानांनी विळा घेतला तो सरळ वडाखालच्या गोलावर गेले. सत्तरीचा माणूस, दर चार बुंध्यांनी कंबर धरत होता, पण कुणाला हात लावू देईना. सूर्य खाडीत उतरेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडा भादरल्यासारख्या झाल्या.

पण कापलेल्याचं करायचं काय? ते अर्धं ओलं, म्हणजे एका जागी रचलं तर तापून पेटणार. सड्यावर ठेवलं तर ते वायू सोडत राहणार आणि उरलेल्याला खबर देणार. केंद्राची भट्टी दुरुस्तीसाठी बंद. वहिनीने हिशेब केला आणि म्हणाली, "खाली गावात न्या. प्रत्येक घरी थोडं थोडं, पातळ पसरून. ओटीवर, माळ्यावर, जिथे जागा मिळेल तिथे. सुकलं की गठ्ठे बांधू." सड्याच्या कडेला चिकटलेली वरची घरं तेवढी वगळली. बाकी गाव सड्याच्या पायथ्याशी, वारा सड्यावरून खाली, त्यामुळे वर काही पोचणार नव्हतं. पर्शाने फेऱ्या मारल्या. घराघरांत गवत गेलं, शाळेत गेलं, देवळातही गेलं.

पुढचे तीन दिवस आम्ही सड्याकडे डोळे लावून बसलो. किनार पुढे सरकली नाही. बारा तुकडे हिरवेगार उभे. वहिनी प्रत्येक तुकड्याच्या कडेने चालत गेली, आणि शेवटच्या तुकड्याशी पोचल्यावर खडकावर बसून तिने पोटभर रडून घेतलं. मी काट्यावरून पाहिलं आणि काट्याचे आकडे पुसत बसलो.

चौथ्या दिवशी डॉक्टर टिळेकर तपासणीला आले, आणि त्याच दिवशी गावात स्फोट झाला.

आंब्यांचा. घराघरांत पसरलेलं गवत वाळता वाळता इथिलीन सोडत होतं, आणि त्याच घरांत माळ्यावर, पेटाऱ्यात, पखवाजाच्या पेटीत लपवलेले कच्चे आंबे निमूट पडून होते. ते सगळे एकदम पिकले. मागे आंब्याने गवत पिकवलं, आता गवताने आंबा पिकवला. वास लपवायची सोय राहिली नाही. गावाच्या वेशीवर डॉक्टरांच्या गाडीतलं नाक जे ओरडायला लागलं, ते रेवाळ्यांच्या दाराशी आल्यावर त्यांनी शेवटी मागून घेतलेल्या गोधडीत गुंडाळून गाडीतच ठेवलं. गोधडी कुणाची ते सांगायला नको.

रेवाळ्यांच्या ओटीवर त्यांना बसवलं. कुठे बघितलं तरी गवत. डॉक्टर म्हणाले, "सडा पाहिला. बाराही तुकडे सुरक्षित आहेत, हे मला अजून पटत नाही. पण रस्त्याकडेचा पट्टा गेला, आणि गावात तर... हा वायू गवताचा की आंब्याचा, हे माझं यंत्रसुद्धा सांगू शकत नाही."

इथे गप्प बसलं असतं तर वहिनी सुटली असती. मी तिला डोळ्यांनी तसं खुणावलंही. पण ती म्हणाली, "पट्टा आंब्यामुळे गेला, साहेब. टेम्पोत आढी होती. आमच्या घरची."

डॉक्टरांनी टॅब उघडला. "मला अहवालात एक नाव द्यावं लागेल."

"माझं लिहा. गवत माझ्या हवाली होतं."

तेवढ्यात माजघरातून नाना बाहेर आले, हाताला कोपरापर्यंत रस लागलेला.

"लिवा," ते म्हणाले, "दत्ताराम रेवाळे, वय सत्तर, धंदा आढी लावणे. तिचा काय नाव लिवता? तिने सडा वाचवला." आणि मग मी शेजारी उभा असतानाच, मांजर पायात घुटमळत असतानाच, ते सुनेकडे वळून म्हणाले, "तू आत जा गो. पुऱ्या तळायला घे. साहेब जेवून जातील."

 वहिनी पदराने डोळे टिपत आत गेली, आणि आतून तेलाची कढई जरा जोरातच आपटल्याचा आवाज आला.

डॉक्टरांनी आयुष्यात प्रथमच आढीचा आंबा खाल्ला. पहिली वाटी त्यांनी शास्त्रज्ञासारखी खाल्ली. दुसरीपासून माणसासारखी. चौथ्या वाटीला त्यांनी टॅब मिटला. हात धुऊन आल्यावर म्हणाले, "कल्पना करा, हाकेच्या आधी आढी धोकादायक, पण हाकेनंतर गावालगतचे चार तुकडे कापले की वास लागायला कडेला गवतच उरत नाही. मे अखेरीला जे गवत वाळवायचं असतं, त्यातलं थोडं गावात आणून घराघरांत पसरलं तर ते आंबा पिकवेल, आणि तोवर स्वतःही पुरतं सुकेल. तुम्हाला दुसरा पेंढा नको, मला तेवढं गोदाम नको." जणू काही हे त्यांनाच सुचलं होतं. आम्ही माना डोलावल्या. अहवालात आरोपी म्हणून शेवटी टेम्पोचा नंबर गेला.

आढीबंदी उठली नाही, नुसती सरकली. हाक सड्यावर आधी, आढी मागून. सडा वहिनीकडेच राहिला.

संध्याकाळी डॉक्टरांची गाडी वळणाआड गेली. नाना पायरीवर बसले, पायाशी सुकलेलं गवत. मी घरी निघालो तर त्यांनी हाक मारली.

"विलास, सांग तिला..." आणि मग थांबले. वहिनी दारातच उभी होती. नानांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हाताने मला जा म्हणून खूण केली.

"ऱ्हावंदे, मीच सांगतो," ते म्हणाले. "तन्वी, पुढच्या वर्सापासून हाक कधी देणार ता मला चार दिस आधी सांगत जा. आंबे उतरवायला येळ लागतो."